चिठ्ठी आणि माणूस

१८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक शब्दकोश प्रसिद्ध झाला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या साहेबलोकांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात जमवले होते. त्यात 'चिट' हा शब्द आहे. अर्थ दिलाय: पत्र, छोटी चिठी, आणि नोकराला दिलेला दाखला. हा शब्द आपल्या 'चिठ्ठी'वरूनच गेला. साहेबाची बदली झाली की तो खानसाम्याला, आयाला, घोडेवाल्याला दोन ओळी खरडून द्यायचा. ती चिट दाखवून पुढचा साहेब मिळायचा. आज बातम्यांमध्ये अमुक मंत्र्याला 'क्लीन चिट' मिळाली असं वाचतो तेव्हा आपलाच शब्द कोट-टाय घालून परत आलेला असतो.

या शब्दाच्या नादी मी लागलो त्याला कारण आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तीन वर्षं ज्या स्टार्टअपमध्ये काम केलं ती बंद पडली. चाळीसेक माणसांची कंपनी, पैसे संपले, गोष्ट संपली. नवीन नोकरीच्या फॉर्ममध्ये दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, आधीच्या कंपनीच्या एचआरचा ईमेल. दोन, तीन 'रेफरन्सेस', म्हणजे माझ्याबद्दल सांगू शकतील अशा तीन माणसांची नावं. कंपनीचं डोमेन कुणी रिन्यू केलं नव्हतं, त्यामुळे पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा ईमेल परत आला. मी तिथे काम केलं याचे माझ्याकडे पगाराच्या स्लिपा होत्या, पीएफच्या नोंदी होत्या. पण काम कसं केलं, हे सांगायला आता कंपनी नव्हती. उरली होती ती माणसं.

एखाद्या अनोळखी माणसावर भरवसा ठेवायचा तर कागद बघायचा की दुसऱ्या माणसाला विचारायचं? हा प्रश्न आमच्या एचआरवाल्यांनी शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे, आणि प्रत्येक काळाने दिलेलं उत्तर पुढच्या काळाला अपुरं पडलंय.

रोमन खूण आणि इंग्लिश 'कॅरेक्टर'

रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या पत्रांचे संग्रह आहेत. त्यातल्या 'मित्रांना पत्रे' या संग्रहाचा तेरावा भाग शिफारसपत्रांचाच आहे. हा माझा माणूस, याला मदत करा, याचं काम म्हणजे माझं काम समजा. सगळी पत्रं इतकी गोड आहेत की घेणाऱ्याला खरी कळकळ कुठली आणि भीड कुठली हे कळणं अवघड व्हावं. सिसेरोलाही हे कळत होतं. एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो आठवण देतो की, अमुक माणसाच्या लोकांसाठी मी लिहीन तेव्हा पत्रावर ठरलेली खूण करीन असं आपलं बोलणं झालंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा शिफारशींचा भाव उतरलेला होता, आणि खरी शिफारस ओळखायला वेगळी सोय करावी लागत होती.

तिथून अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये येऊ. घरकामाचा नोकर ठेवताना आधीच्या मालकाचं 'कॅरेक्टर' मागायची तिथे पद्धत होती. दाखल्यालाच 'कॅरेक्टर' म्हणत. या दाखल्याशिवाय नवीन घर मिळणं मुश्कील, म्हणून खोट्या कॅरेक्टरांचा धंदा सुरू झाला. कुणी मालक असल्याचं सोंग करून लिहून द्यायचं, कुणी जुन्या कागदावरच्या तारखा बदलायचं. १७९२ साली ब्रिटिश संसदेने त्याविरुद्ध कायदाच केला. खोटा दाखला देणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला २० पौंड दंड. हा कायदा पुस्तकातून अधिकृतपणे निघाला तो थेट २००८ साली.

कायद्याने खोट्या दाखल्याला शिक्षा ठेवली, पण खरा दाखला मिळण्याचा हक्क मात्र दिला नाही. १८०० सालच्या 'कॅरल विरुद्ध बर्ड' या खटल्यात कोर्टाने सांगितलं की, नोकराला दाखला देण्याचं कुठलंही कायदेशीर बंधन मालकावर नाही. दाखल्यावाचून नोकराचं पोट अडतं, आणि दाखला द्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर. मालकाशी भांडून नोकरी सोडणाऱ्याने काय करायचं, याचं उत्तर त्या निकालात नाही.

हीच पद्धत जहाजात बसून इकडे आली आणि तिची चिट झाली. इथे आणखी एक गोम होती. चिट इंग्रजीत असायची, आणि ती जपून ठेवणाऱ्या माणसाला बहुतेकदा इंग्रजी वाचता येत नसे. त्या काळच्या साहेबांच्या लिखाणात याचे किस्से विनोद म्हणून येतात: खानसामा मोठ्या अभिमानाने चिट पुढे करतो, आणि आत लिहिलेलं असतं की याच्यापासून सावध राहा. मला काही त्यात हसू येत नाही. स्वतःबद्दलचा कागद स्वतःला वाचता येत नाही, आणि तोच कागद घेऊन दारोदार फिरायचं, याच्याइतकी एकतर्फी गोष्ट दुसरी नसेल. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या उसन्या घेणं, विकत घेणं हे प्रकारही चालत. साहेब याला लबाडी म्हणत. पण ज्या खेळात एकाच बाजूला लिहिता येतं, त्यात दुसरी बाजू एवढंच करू शकते.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' लिहिलेलं असतं. माझ्याही दाखल्यावर आहे, आणि वर्गातल्या सगळ्यात व्रात्य मुलाच्या दाखल्यावरही आहे. 'कॅरेक्टर'चा हा आपल्या घरातला शेवटचा वंशज म्हणायला हरकत नाही. सगळ्यांना सारखाच, म्हणून कुणाच्याच उपयोगाचा नाही.

जॉबरचा शब्द

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पन्नासच्या दशकात मुंबईला आले आणि लालबागमधल्या एका गिरणीत लागले. त्यांच्याकडे कसलीच चिठ्ठी नव्हती. होता तो गावचा एक जॉबर.

जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. मुंबईतल्या गिरण्यांनी सुरुवातीपासून कामगारभरती त्याच्यावर सोपवली होती. माणसं आणायची त्याने, कामावर लावायची त्याने, रजा द्यायची त्याने, काढायची त्याने. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करायची. जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, ओळखीतले लोक आणायचा. त्यांना गाळ्यात जागा बघून द्यायचा, अडीनडीला पैसे द्यायचा, आणि या सगळ्याची दस्तुरी घ्यायचा. मालकाला माणूस कसा आहे हे माहीत नसे, पण जॉबर माहीत होता. जॉबरला माणूस माहीत होता. आजच्या भाषेत, जॉबर हा चालताबोलता रेफरन्स होता, आणि त्याचं कमिशन कामगाराच्या पगारातून जायचं.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी केली. १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातल्या या सत्तेवर टीका होती आणि भरतीसाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमा अशी शिफारस होती. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि आज कुणाला आत घ्यायचं हे जॉबरने ठरवायचं, याऐवजी ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं आणि त्यांनाच बदलीवर घ्यायचं. थोडक्यात, माणसाचा शब्द फार महाग पडला म्हणून कागद आणला.

तरीही आजोबांच्या वेळेपर्यंत 'कुणाचा माणूस?' हा प्रश्न गेला नव्हता. ते सांगायचे, कार्ड गिरणीचं, पण कार्डापर्यंत नेणारा गाववाला. त्या गाववाल्याची ओळख नसलेले, दुसऱ्या भागातले, दुसऱ्या जातीचे लोक कुठल्या दारात उभे राहायचे, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. ते म्हणाले, "ते दुसऱ्या खात्यात." गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यात धागा भरताना तो तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. हे मी नंतर वाचलं. ओळखीने चालणाऱ्या भरतीत हे सगळं आपोआप होतं. कुणी कुणाला नाही म्हणायची गरजच पडत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर आजोबांची गिरणी कधी नीट चाललीच नाही आणि पुढे बंद झाली. खूप वर्षांनी सरकारने गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना काढली, तेव्हा अट होती की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होतात हे सिद्ध करा. ओळखपत्र, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, पीएफची पावती, सेवेचा दाखला, काहीतरी दाखवा. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीतून सगळे कागद जमिनीवर मांडले होते, ते मला आठवतं. मी शाळेत होतो. तीस वर्षं ज्या जागी घाम गाळला तिथे आता टॉवर होता, आणि 'हा इथे होता' असं सांगणारा ना जॉबर होता ना मॅनेजर. त्या वेळी कागदाने साथ दिली. ईएसआयचं एक जीर्ण कार्ड निघालं.

म्हणून जे लोक 'कागदाला काय अर्थ आहे, ओळख महत्त्वाची' असं म्हणतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. आणि जे लोक 'सगळं ऑनलाइन व्हेरिफाय होतं, ओळखीची गरज काय' म्हणतात, त्यांच्याशीही नाही.

एका नापास मुलाची शिफारस

ओळख आणि काम या दोन्हींची नीट गाठ पडली तर काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचं आहे. त्यांच्याकडे प्रतिभा होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती प्रतिभा कुणाकुणाच्या पत्रांवर बसून मद्रासहून केंब्रिजला पोचली, तो प्रवास मात्र सहसा सांगितला जात नाही.

कागदावर बघितलं तर रामानुजन यांच्याकडे मॅट्रिक सोडून काही नव्हतं. एफ.ए.ची परीक्षा ते आधी कुंभकोणमला आणि मग मद्रासला नापास झाले होते. लग्न झालं होतं, नोकरी हवी होती. १९१० साली ते तिरुकोइलूरला व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते, म्हणजे महसूल खात्यात कारकुनाची जागा देणं त्यांच्या हातात होतं. पण ते गणितीही होते. १९०७ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी त्यांनीच सुरू केली. या सोसायटीचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामानुजन यांनी अय्यरांपुढे आपल्या वह्या ठेवल्या. अय्यरांनी त्या पाहिल्या आणि नोकरी दिली नाही. या बुद्धीला महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर गाडून टाकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मद्रासमधल्या गणिती मित्रांच्या नावे ओळखपत्रं दिली.

तिथून साखळी सुरू झाली. कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवलेले शेषू अय्यर यांनी नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे पाठवलं. रामचंद्र रावांनाही गणिताची आवड होती. त्यांनी पुन्हा वह्या पाहिल्या, शंका घेतल्या, आणि शेवटी स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये देऊ लागले. फेब्रुवारी १९१२ मध्ये रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं: या तरुणाची गणितातली कुवत असामान्य आहे, अशा आशयाचं. १ मार्चपासून महिना ३० रुपयांवर ते लागले. तिथले वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर मॅथेमॅटिकल सोसायटीचे सभासद होते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांना या कारकुनाबद्दल सांगणारे ते होते.

१६ जानेवारी १९१३ चं हार्डींना लिहिलेलं पत्र जगप्रसिद्ध आहे. त्यात रामानुजन स्वतःची ओळख पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला तुटपुंज्या पगाराचा कारकून अशी करून देतात. पदवीचा दाखला नाही, त्याजागी प्रमेयांची पानं जोडलेली आहेत. पुढच्याच महिन्यात हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. ते स्वतः केंब्रिजचे गणिती. स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांचं काम दाखवलं आणि वॉकरनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ च्या सुरुवातीला हार्डींचे सहकारी नेव्हिल मद्रासला आले, त्यांनी वह्या पाहिल्या, विद्यापीठाला कळकळीने लिहिलं. वर्षाला २५० पौंड मंजूर झाले आणि १७ मार्च १९१४ ला रामानुजन बोटीत बसले.

ही साखळी पुन्हा वाचताना मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली: शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने आधी काम पाहिलं होतं. अय्यर, रामचंद्र राव, वॉकर, नेव्हिल, सगळ्यांसमोर वह्या उघडल्या गेल्या. 'मुलगा चांगला आहे, होतकरू आहे' यावर कुणी सही केली नाही.

दुसरी: प्रत्येकाने आपल्या शब्दाला वजन असेल तिथेच तो टाकला. रामचंद्र राव कलेक्टर होते, पण केंब्रिजला त्यांना कोण विचारणार? तिथे हार्डी लागले. आणि मद्रास विद्यापीठाकडून पैसे काढायला हार्डींच्या पत्रासोबत, सरकारी खात्याचे प्रमुख असलेले वॉकर लागले. नाव मोठं असून भागत नाही, ऐकणाऱ्याने ते ओळखायला हवं.

तिसरी: रामानुजन यांनी प्रत्येकाच्या हाती सामान दिलं. वह्या घेऊन ते वर्षानुवर्षं हिंडले. शिफारस करणाऱ्याला आठवून आठवून बोलावं लागलं नाही.

हेही विसरता येत नाही की या साखळीतली देशी नावं बहुतेक सगळी एकाच सामाजिक वर्तुळातली आहेत. ब्राह्मण, इंग्रजी शिकलेले, सरकारी नोकरीतले. गरीब असले तरी रामानुजन त्या वर्तुळाच्या आत होते. डेप्युटी कलेक्टरच्या दारात वही घेऊन उभं राहता येणं, हीच एक शिफारस होती.

वर्तुळाबाहेरून आलेल्या माणसाचं काय होतं, ते त्याच वर्षांत आपल्याकडे घडत होतं. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेलं. शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ साली आंबेडकर कोलंबियाला गेले. तिथल्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनमधल्या विद्वानांना त्यांच्याबद्दल पत्रं लिहिली. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये त्या शब्दाला किंमत होती. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. महाराजांचा हुकूम पाठीशी, परदेशी विद्यापीठाचं शिक्षण हाताशी. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. जगातल्या कुठल्याही प्राध्यापकाच्या पत्राने ती खोली मिळाली नसती. शिफारस दार उघडते ती आतला माणूस ऐकून घ्यायला तयार असला तरच.

गुळगुळीत कागद

आता आपल्या काळाकडे. १९९४ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲशुरन्स' हा खटला आला. (हे स्प्रिंग वेगळे, पोर्ट ट्रस्टचे नव्हेत.) जुन्या कंपनीने निष्काळजीपणे वाईट रेफरन्स दिला म्हणून एका माणसाची नोकरीची संधी गेली होती. लॉर्ड्सनी निकाल दिला की रेफरन्स देताना काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि चुकीच्या रेफरन्सने नुकसान झालं तर भरपाई मागता येईल. निकाल न्याय्यच होता. पण कंपन्यांच्या वकिलांनी त्यातून काढलेला सोपा अर्थ असा की, काहीच न बोलणं सगळ्यात सुरक्षित. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक पदावर. बस.

जर्मनीत उलटं आहे. तिथे नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळणं हा हक्क आहे, आणि ते खरं असावं तसंच सदिच्छेने लिहिलेलं असावं अशी अपेक्षा आहे. मग वाईट कसं लिहायचं? तिथल्या एचआरवाल्यांनी सांकेतिक भाषा तयार केली. 'सदैव आमचं संपूर्णातलं संपूर्ण समाधान केलं' म्हणजे उत्तम. 'समाधान केलं' म्हणजे जेमतेम. 'प्रयत्न केला' म्हणजे नापास. म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या माझ्या मित्राला पहिलं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्याने ते आनंदाने सगळ्यांना पाठवलं, आणि मग तिथल्या सहकाऱ्याने त्याला 'सदैव' हा शब्द कुठे आहे ते विचारलं. खानसाम्याच्या चिटची आठवण होते. फरक एवढाच की आता शिकवणी लावता येते.

आपल्याकडे कागदाची बाजू वेगळ्या वाटेने मजबूत झाली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांनी कायम कामगाराला नोकरी सुटताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क दिला. आयटीत खोट्या अनुभवपत्रांचा सुळसुळाट झाल्यावर २००६ साली नॅसकॉमच्या पुढाकाराने 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' आली, बोटांच्या ठशांसकट. आज एजन्सी तुमच्या तारखा, पगार, पत्ता सगळं तपासते. खोटेपणा पकडायला हे ठीक आहे. पण एजन्सीचा हिरवा शेरा आणि दाखल्यावरचं 'वर्तणूक: चांगली' यांत गुणवत्तेची माहिती सारखीच असते. म्हणून नवीन मॅनेजर शेवटी फोन उचलतो आणि कुणालातरी विचारतो. कागद गुळगुळीत झाला की माणसाकडेच यावं लागतं.

माझी तीन नावं

हे सगळं वाचताना माझ्या फॉर्ममधले तीन रकाने भरायचेच होते.

कंपनीचा संस्थापक हे सगळ्यात वजनदार नाव होतं. त्याला लोक ओळखतात. पण तो माझ्याशी तीन वर्षांत पाच-सहा वेळा बोलला असेल. त्याने सांगितलं असतं, "चांगला मुलगा आहे." त्याऐवजी मी माझ्या टीम लीडचं नाव दिलं. दोन वर्षं माझा प्रत्येक कोड रिव्ह्यू तिने केला होता आणि माझं कुठे अडतं हेही तिला माहीत होतं. दुसरं नाव ग्राहकाच्या बाजूच्या एका माणसाचं. आमची पेमेंटची सिस्टिम एका रात्री बंद पडली तेव्हा तो पहाटेपर्यंत माझ्यासोबत फोनवर होता. तिसरं नाव माझ्या हाताखाली शिकलेल्या एका ज्युनिअरचं. वरून कसा दिसतो आणि खालून कसा दिसतो, हे दोन्ही कळायला हवं.

तिघांना आधी फोन करून विचारलं. नाव देण्याआधी परवानगी घ्यायची, हा साधा शिष्टाचार आहे, आणि फोनवर क्षणभर थांबलेल्या आवाजावरूनही बरंच कळतं. मग प्रत्येकाला एक पान पाठवलं: नोकरी कसली आहे, तिथे काय विचारतील, आपण एकत्र काय काम केलं, कुठल्या महिन्यात, त्याचं काय झालं. काय बोला हे लिहिलं नाही. फसलेली एक गोष्टही त्या पानावर ठेवली, कारण विचारणारा कमतरता विचारतोच, आणि तिथे 'काही नाही' असं उत्तर आलं की आधीचं सगळं कौतुक पातळ होतं. ही माझी छोटीशी वही म्हणा.

मला नोकरी लागली. पण आमच्याच ऑफिसात बसणारा एक टेस्टर अजून शोधतोय. तो आमच्या कंपनीच्या पगारावर नव्हता, थर्ड पार्टी पेरोलवर होता. त्याच्या अनुभवपत्रावर ज्या एजन्सीचं नाव आहे तिथल्या कुणीही त्याला काम करताना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं, ते कागदोपत्री त्याचे कुणीच लागत नाहीत. १९३५ च्या आधी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदली कामगारात आणि त्याच्यात किती अंतर आहे, याचा हिशेब मला नीट लावता येत नाही.

मी त्याला सांगितलंय की रेफरन्समध्ये माझं नाव दे. त्याने पकडलेल्या चुकांची यादी जुन्या ईमेलमधून काढून ठेवली आहे, तारखांसकट. एक तर अशी की ती सुटली असती तर ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले असते. माझं नाव काही मिडलमास्टसारखं वजनदार नाही. पण मी काम पाहिलेलं आहे, आणि फोन आला तर मला 'चांगला मुलगा आहे' याच्या पुढचं वाक्य बोलता येईल.